चौकड्यांच्या शर्टातला मुडदा

चिंचवस्ती, नांदूरघाटाजवळ
९ नोव्हेंबर २०२५

जीवन,

आशीर्वाद. आणि हे पत्र तुझ्या आधी जेलमधले जे साहेब फोडून वाचतील, त्यांना नमस्कार. साहेब, पुढे मुडदे आहेत, रक्त आहे, आतडी आहेत, पण सगळं पिक्चरमधलं आहे. घाबरू नका.

आक्का दिवसभर काय करते, असं तू विचारलंस. शेळीला चारा घालते, वैष्णवीला शाळेत सोडते, मायशी भांडते आणि दुपारी तुझा तो मुडद्यांचा पिक्चर बघते. पोलिसांनी तुझा नवा मोबाइल नेला, पण काच तडकलेला जुना कपाटात चादरींखाली राहिला होता. चार्जिंगला लावला तर चालू झाला. आत एक तो पिक्चर आणि तुझे शंभरेक फोटो, त्यातले ऐंशी गॉगल घातलेले.

आठवतं का, पहिल्यांदा बघितला तेव्हा मी तुझ्या दंडात नखं रुतवली होती? कुठल्या तरी थंडगार देशातलं कापडगिरणीचं गाव, आणि सगळे फाडफाड हिंदी बोलतात. रोग येतो, माणसं मरतात आणि मेलेली उठून जित्यांना फाडतात. त्यांना डोळ्यांनी दिसत नाही, नुसत्या आवाजावर धावतात. पोस्टमनचं पोट फाडून आतडी ओढतात तेव्हा मी ओकायला उठले आणि तू शेंगा खात होतास. म्हणालास, "आक्का, तू लई भित्री हायस. आता तर खरी मजा हाय." परवा तोच भाग मी चहा पीत बघितला. एवढा फरक पडलाय माझ्यात.

तुझे वकील येऊन गेले. जानेवारीत माझी साक्ष आहे. साहेबांना वाटेल कसली साक्ष, म्हणून थोडक्यात लिहिते. दीड-पावणेदोन वर्षांपूर्वी, एप्रिलमध्ये, आमच्या अंगणात म्हाळू नावाचा मेंढपाळ जमावाने ठेचून मारला. मुलं पळवणारा समजून. आरोपी अकरा. माझा भाऊ एक नंबरला, कारण पहिला दांडा त्याचा. आणि मी सरकारी साक्षीदार, कारण जमावाला बोलावणारा फोन माझा.

वकील म्हणतात, निव्वळ गैरसमजातून झालं असं कोर्टाला पटलं तर तू थोडक्यात सुटशील, नाहीतर जन्मठेप. त्यासाठी मी एकच वाक्य बोलायचं आहे: "गलका एवढा होता की कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येत नव्हतं." मी ते तीनदा म्हणून दाखवलं. वकील म्हणाले, "छान. असंच." मायने माझ्यावरून मीठमोहऱ्या उतरवल्या, जणू मी बारावीच्या पेपरला निघालेय.

वैष्णवी दुसरीत सहामाहीला पहिली आली. मामाला सांग म्हणाली.

तुझी
आक्का


२३ नोव्हेंबर २०२५

जीवन,

तुझं पत्र मिळालं. "कावून बघत बसलीस ते मुडदे, पोथी वाच" म्हणतोस. मुडद्यांची गोडी मला लावली कोणी? आणि पोथी तू कधी वाचलीस रे?

एक गंमत सापडली. एक तास बारा मिनिटं झाली की पोस्टमनला फाडतात ना, तिथे दोनशे मुडदे आहेत. मागच्या रांगेत उजवीकडे एक चौकड्यांच्या शर्टातला आहे. बाकीचे माना वाकड्या करून धावतात, हा मात्र थांबतो. डावीकडे बघतो. उजवीकडे बघतो. मग इतरांसारखी मान वाकडी करतो, तोंड वासतो आणि पोस्टमनवर पडतो. मी मागे घेऊन घेऊन सात वेळा बघितलं आणि पोट धरून हसले. कामाला आणलेला कोणीतरी असणार, काय करायचं ते विसरला आणि शेजाऱ्याचं बघून उरकलं. वैष्णवीच्या शाळेच्या कवायतीत अशी एक तरी पोर असतेच.

पण भाकरी थापताना तो डोक्यातून जाईना. मुडद्यांना दिसत नाही, मग हा बघतो कसा? शर्टाला इस्त्री आहे. अंगावर चावा नाही, जखम नाही. म्हणजे हा मेलेलाच नाही. जिता माणूस आहे आणि पोस्टमनला दातांनी फाडतोय. पिक्चर काढणाऱ्याला हे माहीत होतं की नाही, देव जाणे.

आणि तो भोंगेवाला! आपण त्याला हिरो समजायचो. गावाला सावध करायला गिरणीचा भोंगा वाजवतो, शेवटी त्याच्या गळ्यात हार पडतो. आता नीट बघितलं तर मुडदे भोंगा ऐकूनच गिरणीकडे धावतात आणि पोस्टमन गिरणीतच लपलेला असतो. भोंगा वाजला नसता तर तो वाचला असता. पिक्चर संपेपर्यंत हे कोणी त्याला सांगत नाही.

माझीही पाठ थोपटलीच की लोकांनी. पोलिसांची गाडी येईपर्यंत बाया म्हणत होत्या, "रोहिनी हुशार म्हनून पोरगी वाचली."

ग्रामसुरक्षेचा तो नंबर गावात तूच आणलास. दलाचा प्रमुख तू. घरोघर फिरून चारशे नंबर जमवलेस. एका नंबरला फोन लावायचा, शिट्टी वाजली की बोलायचं, गावातले सगळे फोन एकदम वाजतात आणि प्रत्येकाच्या कानात बोलणाऱ्याचाच आवाज. मार्चमध्ये मी कडब्याची गंजी पेटली म्हणून फोन लावला, साठ माणसं बादल्या घेऊन आली आणि शेजारचे बांधावरचं गवत जाळत होते. महिनाभर गाव हसलं. सगळ्यांत जास्त तू हसलास. चार माणसांत माझा आवाज काढून दाखवायचास.

आणि एप्रिलची ती दुपार. अण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन, ते आणि माय बीडला. वैष्णवी हाका मारून सापडत नव्हती. अंगणात अनोळखी माणूस, खांद्यावर जाळीचं भेंडोळं, काखेत घोंगडी आणि घोंगडीच्या आत काहीतरी रडतंय. "बाई, वाईच दूध मिळंल का?" जाळी घेऊन फिरणाऱ्या टोळीचे मेसेज आठवडाभर फिरत होते, त्यातले निम्मे तूच पुढे ढकललेले. मी दार लावलं आणि फोन लावला. "पोर पळवणारा आलाय. आमच्या अंगनात. घोंगडीत पोर हाय त्याच्या." हे सगळं पोलिसांच्या जबाबात आहे. नवीन काही लिहीत नाही.

आक्का


१४ डिसेंबर २०२५

जीवन,

काल मी अंगदला मारलं. हो, आपल्या चुलत्याच्या, जामिनावर सुटलेल्या अंगदला, चक्कीवर, सगळ्यांसमोर. दळण टाकून उभी होते आणि तो कोपऱ्यात दोघांना मोबाइल दाखवत होता. "ह्ये बग, आता जबडा तुटतुय." आवाज ऐकूनच मला कळलं काय दाखवतोय ते. त्याच्या थोबाडीत दिली, ओठ फुटला त्याचा. मोबाइल हिसकावून तिथेच पोत्यावर बसले आणि पहिल्यांदा तो व्हिडिओ सगळा बघितला. त्या दिवशी मी दारात उभी होते, तरी इतकं बघितलं नव्हतं.

चार मिनिटं अडतीस सेकंद. म्हाळूला त्याच्याच वाघरीत, मेंढरं कोंडायच्या जाळीत, गुंडाळलंय. जाळीतून एक हात कोपरापर्यंत बाहेर आलाय आणि त्या हातावर कोणीतरी टाच देऊन उभं आहे. बोटं उलटी फिरलेली दिसतात. तो ओरडतोय, "गहिनीनाथ अण्णाला फोन लावा. त्यांनीच बोलीवलंय मला, रानात मेंढरं बसवायला." तोंडात रक्त भरल्यामुळे अण्णांचं नाव नीट निघत नाही. कोणीतरी फोन लावतं. अण्णा तेव्हा ऑपरेशनच्या टेबलावर. "बंद हाय! खोटं बोलतंय बे!" मग दगड. जबडा एका बाजूला लोंबतो. एक जण ओट्यावरून छातीवर उडी मारतो, दोनदा, आणि दुसऱ्या वेळी काहीतरी मोडल्याचा आवाज मोबाइलमध्ये स्पष्ट आलाय. मागे कोणीतरी हसतंय. शेवटी मेंढरं येतात, दोनशे तरी असतील, त्याच्यामागून चाललेलीच होती ती. माणसांच्या पायांतून घुसतात, जाळीपाशी थांबून हुंगतात. आणि त्याची बायको, साखराबाई. ती ओरडत नाही. जाळीच्या गाठी सोडवायला बसते.

अण्णांनी त्याला केजच्या बाजारात शब्द दिला होता. ज्वारी निघाली की ये, आठ दिवस मेंढरं बसव, रानाला खत होईल. आपल्याला सांगायचं ते डोळ्याच्या काळजीत विसरले. आता ते दिवसभर ओट्यावर बसतात, ऑपरेशन चांगलं झालंय, सगळं नीट दिसतं त्यांना.

एक गोष्ट आणखी. तो व्हिडिओ पहिल्या दांड्याच्या चार सेकंद आधी सुरू होतो. त्या चार सेकंदांत तू आहेस. मी ते चक्कीवर बघितलं, मग अंगदकडून जुन्या मोबाइलवर घेऊन घरी बघितलं. काय दिसलं ते आज लिहीत नाही. साहेब वाचतात.

आक्का


४ जानेवारी २०२६

जीवन,

परवा मुलाकतीला आले तेव्हा तू वाळलेला दिसलास. वैष्णवीचं चित्र बघून हसलास, मला बरं वाटलं. मग मी उठणार एवढ्यात जाळीला तोंड लावून म्हणालास, "आक्का, त्या दिशी तू काय म्हनलीस ते मला ऐकूच आलं न्हाई."

मी काही विचारलं नव्हतं, जीवन. मी त्या दिवशी तुला काही म्हणाले, हे मी पोलिसांना सांगितलेलं नाही, वकिलांना नाही, मायला नाही. तुझ्याजवळही कधी काढलं नाही. ऐकू आलं नसतं, तर मी काही म्हणाले होते हे तुला कसं माहीत? बीडच्या स्टँडवर एसटीची वाट बघत बसले होते तेव्हा हे माझ्या डोक्यात आलं आणि तिथेच रडू फुटलं. शेजारची बाई पाणी देत होती.

साहेब, आजचं पत्र सावकाश वाचा. कोर्टाला दाखवायचं तर दाखवा.

फोन ठेवल्यावर मी खिडकीच्या फटीतून बघितलं. म्हाळू ओट्याला टेकला होता. त्याने घोंगडी उलगडली. आत कोकरू होतं, ओलं, पाय थरथरणारं. त्याची आई वाटेत व्याताना मेली होती, म्हणून तो मेंढरांच्या पुढे येऊन आपल्या शेळीचं दूध मागत होता. कोकरू तान्ह्या पोरासारखं रडत होतं. आई मेल्याचं मला नंतर कळलं, पण ते पोर नाही हे तेव्हाच कळलं. वळून बघते तर वैष्णवी कॉटखाली झोपलेली. फोन माझ्या हातात होता. परत तोच नंबर लावून "येऊ नका, चुकलं माझं" एवढंच म्हणायचं होतं. सात-आठ मिनिटं होती. मी लावला नाही. गंजीच्या वेळचं गाव आठवलं, तू काढलेला माझा आवाज आठवला. म्हटलं, येतील, कोकरू बघतील आणि जातील. निदान परत माझ्या तोंडून चूक निघायला नको.

तू सगळ्यांत पुढे आलास, हातात तिकावाचा दांडा. मी दार उघडून तुझा दंड धरला. कानाशी लागून म्हणाले, "आरं, कोकरू हाय ते. पोर न्हाई. वैष्णवी घरातच हाय." तेव्हा गलका नव्हता. मागचे अजून फाटकाशी होते. तू घोंगडीकडे बघितलंस. कोकराचं डोकं बाहेर आलेलं होतं. तू माझा हात झटकलास.

इथून पुढे व्हिडिओ आहे. पहिल्या सेकंदाला तू कोकराकडे बघतोस. मग डावीकडे, तिथे अंगद आणि बाकीचे धापा टाकत आलेत. मग उजवीकडे, तिथे आणखी वीस-पंचवीस. सगळे तुझ्याकडे बघतायत, तू प्रमुख. चौथ्या सेकंदाला दांडा. म्हाळूचा कान फाटून गालावर आला आणि तो अजून कोकरू छातीशी धरून होता. दुसऱ्या दांड्याला ते पडलं आणि कोणाच्या तरी पायाखाली गेलं. त्यानंतर बाकीच्यांना काही बघायची गरज उरली नाही. त्यांनी तुझ्याकडे बघितलं होतं.

मला वाटायचं तो पिक्चर रोगाचा आहे. चौकड्यांच्या शर्टातल्याने फाडलं नसतं तर मुडद्यांनी त्यालाच फाडलं असतं, म्हणून मी त्याला मनातल्या मनात माफही करून टाकलं होतं. पण तुला कोण फाडणार होतं रे? तू वळून "कोकरू हाय बे, चला घरी" म्हणाला असतास तर काय झालं असतं? हसले असते. बहिणीला हसले असते, दलाच्या प्रमुखाला हसले असते. एवढ्यासाठी तू एक माणूस फोडलास. आणि एवढ्यासाठीच मी तो दुसरा फोन लावला नाही. मला तुझा राग येतो तेव्हा तो अर्धा माझा असतो, आणि तरीही तो तुझ्यावरच येतो.

ते वाक्य मी कोर्टात बोलणार नाही. मायला काल सांगितलं. ती चुलीपाशी होती, हातातलं तापलेलं उलथणं तिने माझ्या मनगटावर दाबलं. "पोटचं पोरगं खातीस व्हय माजं?" मी हात मागे घेतला नाही. मग तीच रडत कोरफड आणायला गेली. लावली मात्र नाही, उंबऱ्यात ठेवून गेली. अण्णा ओट्यावरून म्हणाले, "कोर्टात मी येतो तुज्यासंगं." पावणेदोन वर्षांत त्यांनी केसबद्दल काढलेलं हे पहिलं वाक्य.

तू मला बहीण म्हणू नकोस वाटलं तर. माझ्या हातून तुला दुसरं काही देता येत नाही.

आक्का


२१ जानेवारी २०२६

जीवन,

तू पिंजऱ्यात होतास, त्यामुळे आतलं तुला माहीत आहे. तरी लिहिते. तू माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीस, म्हणून कदाचित ऐकायचंही टाळलं असशील.

सरकारी वकिलांनी विचारलं, मी सांगितलं. आपल्या वकिलांचा चेहरा पडला. त्यांनी मला तासभर सोललं. भावाशी वाटणीवरून भांडण आहे का? नाही. नवरा ट्रेलरवर असतो, घरात कोणाचं कोणाशी काही आहे का? नाही. हे आधी पोलिसांना का सांगितलं नाही? भाऊ आहे म्हणून. मग आज भाऊ नाही का? आहे. मग शेवटी त्यांना वाटलं आता ही सापडली. म्हणाले, "कोकरू आहे हे तुम्हाला कळलं होतं, हातात फोन होता, मग तुम्ही दुसरा फोन का केला नाही? म्हणजे तुम्ही बघितलंच नाही, आज बनवून सांगताय." मी म्हणाले, "मला लाज वाटली." जज्जसाहेबांनी ते लिहून घ्यायला सांगितलं. माझ्यावर काय कारवाई होईल ती होईल, वकील म्हणाले होऊ शकते. होऊ दे.

तू नाही बघितलंस ते बाहेरचं. बाकीच्या दहा जणांच्या घरची माणसं फाटकाशी होती. अंगदची माय माझ्या तोंडावर थुंकली. कोणीतरी दगड मारला, माझी भुवई फाटली, डोळ्यात रक्त उतरलं. दुसरा दगड अण्णांच्या पाठीत बसला. अण्णा तसेच माझ्या पुढे हात पसरून उभे राहिले, ऑपरेशनचा डोळा मिटून. पोलिसांनी आम्हाला परत आत ओढलं आणि पायरीवर बसवलं. भुवईला तीन टाके पडलेत, काही मोठं नाही.

टाके घालायला नेईपर्यंत मी पायरीवर अण्णांचं उपरणं दाबून बसले होते. साखराबाई तिथे आली. चकलांब्याहून तीही प्रत्येक तारखेला येते, तुला माहीत असेल, मागच्या बाकावर बसते. माझ्याजवळ बसली नाही, उभीच राहिली. मला वाटलं, आता ही काहीतरी बोलेल. चांगलं बोलेल असं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. मी भावाला डावावर लावून आले होते, कपाळातून रक्त गळत होतं, एक शब्द मिळेल असं वाटलं होतं.

ती म्हणाली, "येवढं नीट बोलता येतंय की तुला. मंग तवा फोनात कावून न्हाई बोललीस?"

मी म्हणाले, "मावशी, लोकं हसले असते."

तिला कळलं नाही. तिने थोडं वाकून, खरंच समजून घ्यायचं म्हणून, विचारलं, "कोन?"

मी तोंड उघडलं. चारशे फोन आहेत गावात, जीवन, आणि मला एक नाव सांगता आलं नाही.

आक्का